नार्डनचे गुरुजी

नार्डन-बुसुम स्टेशनपासून आमचं घर सायकलने दहा मिनिटांवर आहे. त्यामुळे जुन्या नार्डनचा तो चांदणीच्या आकाराचा किल्ला, त्याचे सहा बुरूज आणि दुहेरी खंदक म्हणजे आमचं पाहुण्यांना फिरवायचं हक्काचं ठिकाण. भारतातून कोणी आलं की मी त्यांना तटावर नेते आणि सांगते, "हा बघा डच लोकांचा भुईकोट!" मग कॉफी, अॅपलटार्ट, फोटो आणि घरी परत. क्लोस्टरस्ट्राटवरच्या संग्रहालयावरून आणि त्याला लागून असलेल्या चॅपेलवरून मी पंधरा वर्षं अशी जात-येत होते. आत काय आहे, हे बघावंसं कधी वाटलं नाही.

गेल्या वर्षी ऑफिसमधल्या एका चेक सहकारिणीने मला खजील केलं. ती म्हणाली, "तू नार्डनला राहतेस? मग आमच्या कोमेन्स्कींना रोज भेटत असशील!" माझा कोरा चेहरा बघून तिने पर्समधून दोनशे कोरुनाची नोट काढली. नोटेवर लांब दाढीचे एक वृद्ध गृहस्थ होते. "यान आमोस कोमेन्स्की. तुम्ही इकडे कोमेनियस म्हणता. आमचे गुरुजी. त्यांच्या जन्मदिवशी, 28 मार्चला, आमच्याकडे शिक्षकदिन असतो. आणि त्यांची समाधी तुझ्या गावात आहे."

आमच्या गावात! आणि तीही शिक्षकाची. मंडळी, इथे मला एक कबुली द्यायला हवी. दर रविवारी मी आमच्या भागातल्या मुलांचा मराठी वर्ग घेते. नऊ मुलं होती, आठ उरली. नववा गेला तो माझ्यामुळे. बाराखडी पाठ करून आण, दहा वेळा लिहून आण, असा माझा खाक्या. सात वर्षांच्या त्या मुलाने तीन रविवार वही कोरी आणली, चौथ्या रविवारी मी त्याला सगळ्यांसमोर बोलले आणि पाचव्या रविवारी तो आलाच नाही. त्याच्या आईचा मेसेज आला, "ताई, तो मराठी ऐकलं की कान झाकून घेतो. काही दिवस राहू दे." त्या मेसेजला काय उत्तर द्यावं हे मला सुचत नव्हतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत हे नार्डनचे गुरुजी माझ्या पुढ्यात आले.

मग मी वाचायला लागले. जे वाचलं ते इथे सांगते आहे.

कोमेनियसचा जन्म 1592 सालचा, आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या मोराव्हिया प्रांतातला. घराणं 'बंधुसंघ' नावाच्या छोट्या प्रोटेस्टंट पंथाचं. बारा वर्षांचा असताना आई-वडील गेले, दोन बहिणीही गेल्या. पोर आत्याकडे वाढलं आणि पुढे ते गावही लढाईत जळलं. लॅटिन शाळेत प्रवेश मिळाला तेव्हा वय झालं होतं सोळा! बाकीची पोरं लहान, हा मिसरूड फुटलेला. बहुधा म्हणूनच शाळेत काय चाललं आहे हे त्याला जाणत्या डोळ्यांनी दिसलं. अर्थ न कळता व्याकरणाचे नियम घोकायचे, चुकलं की छडी खायची. ज्या वयात आपण शाळा विसरायला लागतो त्या वयात तो शाळेत बसला, आणि ते दिवस तो जन्मभर विसरला नाही.

पुढे जर्मनीत हेरबोर्न आणि हायडेलबर्गला शिक्षण झालं. हायडेलबर्गला असताना, 1614 साली, त्याने कोपर्निकसच्या ग्रंथाचं मूळ हस्तलिखित विकत घेतलं आणि पैसे संपल्यामुळे घरापर्यंतचा लांबचा रस्ता पायी तुडवला. गंमत म्हणजे पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे त्याला शेवटपर्यंत पटलं नाही! पण पटत नसलेलं पुस्तकही उपाशी राहून विकत घ्यावं, अशी ती जात होती.

त्यानंतर तो शिक्षक झाला, धर्मोपदेशक झाला, फुलनेक गावी संसार थाटला. आणि 1618 साली युरोपात तीस वर्षांचं युद्ध पेटलं. 1620 च्या नोव्हेंबरात प्रागजवळच्या व्हाइट माउंटनच्या लढाईत चेक प्रोटेस्टंट हरले. पुढच्या वर्षी फुलनेक लुटलं गेलं, कोमेनियस परागंदा झाला, मागे राहिलेली त्याची पुस्तकं गावात जाळली गेली. 1622 मध्ये प्लेगने बायको आणि दोन्ही लहान मुलगे गेले. तेव्हा तो तिशीत होता. काही वर्षं तो लपूनछपून राहिला. मग फर्मान निघालं, धर्म बदला नाही तर देश सोडा. 1628 साली डोंगर ओलांडून तो पोलंडमधल्या लेश्नो गावी गेला. पुन्हा मायदेशी राहायला जाण्याचं त्याच्या नशिबात नव्हतं.

आपणही देश सोडून आलो, पण विमानाने, व्हिसा घेऊन, आणि दर दोन वर्षांनी बॅगा भरून लोणची-पापड आणायला जातो. त्याच्या देश सोडण्याशी आपली तुलना करू नये. तरी एक गोष्ट सारखी वाटते. परक्या गावात गेल्यावर माणसाला पहिली काळजी पडते ती मुलांची भाषा कुठली राहणार याची.

लेश्नोमध्ये त्याने शाळेत शिकवलं आणि लिहायला सुरुवात केली. 1631 साली त्याचं 'भाषांचं उघडलेलं दार' या अर्थाच्या नावाचं लॅटिन पाठ्यपुस्तक आलं. व्याकरणाचे नियम बाजूला ठेवून जगातल्या वस्तूंबद्दलची हजारभर वाक्यं, त्यांत सुमारे आठ हजार शब्द, शेजारी मातृभाषेत तेच. पुस्तक इतकं चाललं की डझनभर युरोपीय भाषांत उतरलं. (आपल्याकडे त्याच्या आदल्या वर्षी शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला होता.)

पण पाठ्यपुस्तक हा त्याच्या कामाचा छोटा भाग. मोठं काम होतं 'ग्रेट डिडॅक्टिक', म्हणजे शिकवण्याचं समग्र शास्त्र. त्यात तो म्हणतो ते आज साधं वाटतं, पण काळ लक्षात घ्या. शाळा सगळ्यांसाठी हवी, श्रीमंत-गरीब, शहरातली-खेड्यातली, मुलगे आणि मुली. आधी वस्तू, मग शब्द. आधी सोपं, मग अवघड. अभ्यास आला नाही म्हणून मारायचं नाही. वयाची पहिली 24 वर्षं त्याने सहा-सहा वर्षांच्या चार टप्प्यांत वाटली. आईच्या मांडीवरची शाळा, मातृभाषेची शाळा, लॅटिन शाळा आणि विद्यापीठ. बाराव्या वर्षापर्यंत शिक्षण स्वतःच्या भाषेत, हा त्याचा आग्रह. बालवाडी, प्राथमिक, माध्यमिक, कॉलेज ही आपल्याला इतकी सवयीची झालेली उतरंड कोणीतरी बसून आखून काढली होती, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

आता त्याची कारकीर्द सुरू होते ती सल्लागार म्हणून. आजच्या भाषेत इंटरनॅशनल कन्सल्टंट म्हणा ना! मायदेश नसलेला हा माणूस देशोदेशींच्या सरकारांना शाळा कशा काढाव्यात हे सांगत फिरला. आणि प्रत्येक ठिकाणी एकच गोष्ट वेगवेगळ्या रूपात घडली.

पहिलं आमंत्रण लंडनचं. सॅम्युअल हार्टलिब नावाच्या उत्साही मित्राने त्याला 1641 च्या सप्टेंबरात बोलावून घेतलं. सर्व देशांच्या विद्वानांचं एक विद्यालय काढायचं, सगळं ज्ञान एकत्र मांडायचं, असा बेत होता. पार्लमेंटमधले लोक अनुकूल होते, म्हणे जागाही देणार होते. पण ऑक्टोबरमध्ये आयर्लंडमध्ये बंड झालं आणि पुढच्या वर्षी इंग्लंडमध्ये यादवी युद्ध. युद्धाच्या खर्चात शाळेची फाइल खाली गेली. हे आपल्याला काही नवीन नाही!

1642 च्या उन्हाळ्यात तो निघाला. वाटेत इथे, लायडनजवळच्या एन्देगेस्टला, देकार्तला भेटला. चार तास दोघे बोलत बसले. देकार्तचा भरवसा बुद्धीवर, याचा श्रद्धेवरही. मतं जुळली नाहीत, पण निरोप प्रेमाने घेतला. तिथून स्वीडन. बोलावणारा होता लुई द खेर, लोखंड आणि तोफांचा धनाढ्य व्यापारी. युद्धाच्या पैशावर शांततेची शाळा! स्टॉकहोममध्ये चॅन्सेलर ऑक्सेनस्टियेर्नाने त्याची चार दिवस उलटतपासणी घेतली. निष्कर्ष असा की, ते विश्वज्ञान वगैरे नंतर बघू, आधी आमच्या शाळांना लॅटिनची चांगली पाठ्यपुस्तकं लिहून द्या.

आणि त्याने दिली. बाल्टिक किनाऱ्यावरच्या एल्ब्लाँग गावी बसून सहा वर्षं, मनाविरुद्ध. का? पैशासाठी हे एक कारण, बरोबर पोसायला कुटुंब आणि मदतनीस होते. पण खरं कारण वेगळं होतं. स्वीडन युद्ध जिंकत होतं. तह होईल तेव्हा स्वीडन आपल्या निर्वासित लोकांना घरी जाऊ देण्याची अट घालेल, ही त्याची आशा. 1648 साली वेस्टफालियाचा तह झाला. चेक प्रोटेस्टंटांच्या परतीचं कलम त्यात नव्हतं. कोमेनियसने चॅन्सेलरला अतिशय कडवट पत्र लिहिलं. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नीही गेली, आणि त्याच वर्षी बंधुसंघाने त्याला बिशप केलं. विखुरलेल्या, परत न जाऊ शकणाऱ्या माणसांचा बिशप.

इथे मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले. सहा वर्षं नावडतं काम मान खाली घालून केलं, आणि मोबदल्यात जे एकच हवं होतं तेच मिळालं नाही. सल्लागाराचं हे दुखणं जुनंच आहे. त्याचं ज्ञान सगळ्यांना हवं असतं, पण ते ज्ञान ज्यासाठी आहे ते कोणालाच नको असतं.

दुसरा कोणी असता तर खचला असता. हा 1650 मध्ये निघाला हंगेरीतल्या शारोष्पटकला. तिथल्या राकोत्सी घराण्याने शाळा सुधारायला बोलावलं होतं. सात इयत्तांची शाळा त्याने आखली, उघडल्या तीनच. विद्यार्थी आळशी, शिक्षक नाराज. मग त्याने पाठ्यपुस्तकाचीच नाटकं केली, आणि मुलांना रंगमंचावर उभं करून धडे वदवून घेतले. आमच्या मंडळाच्या गणपतीत बालनाट्य बसवणाऱ्या ताई-दादांनी लक्षात ठेवावं, तुमचा मूळपुरुष हा आहे!

तिथेच त्याने एक छोटं पुस्तक लिहिलं, 'ऑर्बिस पिक्टस', म्हणजे चित्रांतलं जग. हंगेरीत चित्रं कोरणारा कारागीर मिळाला नाही, म्हणून ते 1658 साली जर्मनीत न्युर्नबर्गला छापलं गेलं. दीडशे प्रकरणं, प्रत्येकाला एक चित्र. सुतार, भटारखाना, छापखाना, आकाश, झाडं, मुंग्या. चित्रातल्या प्रत्येक वस्तूवर आकडा आणि खाली त्याच आकड्यापुढे लॅटिन आणि जर्मन नाव. पुढच्याच वर्षी इंग्रजीत आलं. युरोपातल्या कितीतरी पिढ्या त्यावर वाचायला शिकल्या, लहानपणी गटेच्याही हातात ते होतं.

आणि त्याची सुरुवात बघा. मुळाक्षरं. पण नुसती नाहीत, प्रत्येक अक्षरापुढे एक प्राणी आणि त्याचा आवाज. कावळा, मेंढी, असे एकेक. अक्षर म्हणजे काहीतरी बोलणारं जिवंत प्रकरण आहे, हे मुलाला पहिल्याच पानावर कळावं म्हणून. संग्रहालयात मी त्या पानासमोर उभी राहिले आणि मला कान झाकून बसलेला माझा नववा विद्यार्थी दिसला.

संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला. आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं मास्तर होते. म्हटलं, "अण्णा, तुम्ही वर्गात चिंचोके, बिया, दगड घेऊन जायचात ते कोणी शिकवलं होतं?" ते हसले. "अगं, ट्रेनिंग कॉलेजात वस्तुपाठ म्हणून विषयच असायचा. वस्तू दाखवल्याशिवाय शब्द सांगायचा नाही. का गं, आज काय एकदम?" मी त्यांना कोमेनियसची गोष्ट सांगितली. थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "म्हणजे आमचे हेडमास्तर ज्याला खेळ म्हणून नावं ठेवायचे, ते साडेतीनशे वर्षांचं जुनं होतं तर!" आणि लगेच पुढे, "पण तू बाराखडी घोकून घेतेस म्हणालीस ना मागे? माझी मुलगी असून?"

असो. गुरुजींकडे परत येऊ. 1656 मध्ये स्वीडन-पोलंड युद्धात लेश्नो जळालं. घर गेलं, छपाईसाठी ठेवलेली हस्तलिखितं गेली, आणि चव्वेचाळीस वर्षं जमवत आणलेला चेक भाषेचा कोश गेला. त्याच्या हातूनही चूक झाली होती. आदल्या वर्षी त्याने स्वीडनच्या राजाची स्तुती छापली होती, आणि ज्या पोलंडने आसरा दिला तिथल्या लोकांना ती कशी विसरता येईल? बाहेरच्या राजावर आशा ठेवण्याची त्याची खोड जुनी. भविष्यं सांगणाऱ्या लोकांवरही त्याचा भाबडा विश्वास होता, त्यांची भाकितं त्याने स्वतः छापली आणि हसं करून घेतलं. एकेका शिक्षकाने शंभर मुलांना शिकवावं, शिक्षण छापखान्यासारखं चालावं, ही त्याची कल्पनाही मला पटत नाही. आठ मुलांनी माझा घाम निघतो!

चौसष्टाव्या वर्षी हा दुसऱ्यांदा होरपळलेला माणूस अॅमस्टरडॅमला आला. आता लुईचा मुलगा लॉरेन्स द खेर पाठीशी होता. कायझर्सग्राख्तवरचं 123 नंबरचं ते सहा मुखवट्यांचं घर तुम्ही पाहिलं असेल, ते द खेर कुटुंबाचं. सुरुवातीला कोमेनियस तिथे उतरला. शहराने त्याला सन्मानाने ठेवून घेतलं आणि 1657 मध्ये त्याचं शिक्षणविषयक सगळं लेखन इथेच चार भागांत छापलं गेलं. 'ग्रेट डिडॅक्टिक' लॅटिनमध्ये जगापुढे आलं ते तेव्हा. 1667 मध्ये ब्रेडा इथे डच आणि इंग्रज तहाला बसले. पंच्याहत्तरीचा हा म्हातारा दोन्हीकडच्या वकिलांसाठी 'शांतिदूत' नावाचं आवाहन घेऊन पुढे सरसावला. व्यापारासाठी भांडू नका, समुद्र सगळ्यांचा आहे, असा त्याचा सूर. 15 नोव्हेंबर 1670 ला तो अॅमस्टरडॅममध्ये गेला आणि नार्डनच्या वालून चर्चमध्ये त्याला पुरलं.

नंतर सगळे विसरले. चर्चचा उपयोग सैन्यासाठी होऊ लागला, थडग्याची खूण राहिली नाही. कागदपत्रं धुंडाळून आणि खोदून 1929 मध्ये अवशेषांची ओळख पटवली गेली, आणि 1937 मध्ये आजची समाधी उभी राहिली. डच सरकारने ती जागा चेकोस्लोव्हाकियाला वर्षाला एक गिल्डर नाममात्र भाड्याने दिली. देश गमावलेल्या माणसाला शेवटी आपल्या लोकांच्या ताब्यातली तेवढी जमीन मिळाली.

त्याचं सर्वांत मोठं पुस्तकही असंच हरवलं होतं. मानवी व्यवहार सुधारण्याविषयीचा सात भागांचा ग्रंथ, त्यात जन्मापासून मरणापर्यंत सगळ्यांच्या शिक्षणाचा आराखडा आणि देशोदेशींच्या विद्वानांच्या, शांततेच्या जागतिक सभा. हे हस्तलिखित 1930 च्या दशकात जर्मनीतल्या हॅले गावच्या फ्रांके अनाथाश्रमाच्या ग्रंथालयात सापडलं आणि 1966 मध्ये प्रागला संपूर्ण छापलं गेलं.

हॅले हे नाव वाचून मी थबकले. तंजावरच्या सरफोजीराजांचा पालक आणि शिक्षक, मिशनरी श्वार्ट्झ, हॅलेलाच शिकून 1750 मध्ये ट्रांकेबारला आला होता. त्याच्या हाताखाली वाढलेल्या सरफोजींनी तंजावरात शाळा काढल्या, देवनागरी छापखाना घातला आणि एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुलांसाठी इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या. यात कोमेनियसचा थेट हात होता असं मी म्हणणार नाही. पण ज्या गावाच्या कपाटात त्याचा ग्रंथ धूळ खात पडून होता, त्याच गावातून निघालेला माणूस एका मराठी राजपुत्राला वाचायला शिकवत होता, एवढं मात्र खरं.

युनेस्कोने 1957 साली कोमेनियसच्या निवडक लेखनाचा ग्रंथ काढला, त्याला प्रस्तावना मानसशास्त्रज्ञ पियाजेची. युरोपियन युनियनने शाळांच्या देवाणघेवाणीच्या कार्यक्रमाला बरीच वर्षं त्याचंच नाव दिलं होतं. जिवंतपणी ज्यांनी त्याच्याकडून फक्त लॅटिनची पुस्तकं लिहून घेतली, त्यांच्या वंशजांनी उरलेलं उशिरा वाचलं.

पुढच्या रविवारी मी बाराखडीचा तक्ता घरी ठेवला. मुलांना म्हटलं, आज अक्षरं ऐकायची. कावळा 'का', बेडूक 'ड', मांजर 'म्या', मधमाशी 'गूं'. अर्धा तास वर्गात नुसता गोंधळ. शेजारच्या खोलीतला डच योगवर्ग बहुधा वैतागला असावा. मग ज्याने जो आवाज काढला त्याने ते अक्षर मोठ्या कागदावर काढायचं आणि त्याला प्राण्याचं शेपूट लावायचं. 'क' ला चोच आली, 'म' ला मिशा.

त्या कागदांचा फोटो मी नवव्या मुलाच्या आईला पाठवला आणि खाली लिहिलं, "चूक माझी होती. त्याला सांगाल का?" तीन आठवडे काही नाही. चौथ्या रविवारी तो आला. दारात उभा राहून त्याने आधी डचमध्ये विचारलं, लिहावं लागेल का? मी म्हटलं, आज फक्त ओरडायचं. तो आत आला. बाराखडी त्याला अजूनही येत नाही. 'ङ' वर तर आम्ही दोघेही अडकतो. पण हल्ली कान झाकत नाही.

त्या दोनशे कोरुनाच्या नोटेच्या मागच्या बाजूला मोठ्या माणसाचा हात आणि लहान मुलाचा हात एकमेकांना भेटताना दाखवले आहेत. सहकारिणीने ती नोट मला देऊन टाकली. मी ती वर्गाच्या हजेरीपटात ठेवली आहे. नार्डनला येणार असाल तर कळवा. यंदा पाहुण्यांना तटावर नेण्याआधी क्लोस्टरस्ट्राटवर नेणार आहे, कॉफी नंतर.